हाताखाली

"साहेबांनी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर काय सांगायचं?" सुपरवायझर भालचंद्रनं तिसऱ्यांदा विचारलं.

आठही बायका खाली माना घालून उभ्या. शेवटी कृष्णाबाईच बोलली. "पानी घालतो, गवत काढतो. नि बाकीचं जे करतो ते गिळतो."

"तोंड आवर," भालचंद्र म्हणाला, पण आवाजात रोजचा जोर नव्हता. ठाण्याहून कामगार खात्याचे साहेब अकराच्या एसटीनं यायचे होते, आणि त्यांना अर्ज करून बोलावलं होतं ते याच आठ जणींनी.

सांडोरच्या वाटेवर ही सरकारी रोपवाटिका. इथली आंब्याची, चिकूची कलमं सबंध तालुक्यात जात. बाप्ये नि बाया, सगळे रोजंदारीवर. खड्डे दोघंही खणत, पिशव्या दोघंही भरत, शेणही दोघंच कालवत. मजुरी मात्र बाप्याला साडेपाच रुपये आणि बाईला पावणेचार. बाईनं कालवलेल्या शेणाला वास कमी येतो की काय, देव जाणे. मग शहात्तर साली कायदा झाला, की एकाच कामाला बाईला कमी मजुरी द्यायची नाही. तर कचेरीनं काय करावं? हजेरीपटावर सगळ्या बाप्यांपुढे 'माळी' लिहिलं आणि सगळ्या बायांपुढे 'मदतनीस'. झालं! आता काम एक नाही, म्हणून मजुरीही एक नाही. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: माळ्याला कलम बांधता येतं, बाईला येत नाही.

येत होतं की. द्वारकाला येत होतं, आणि तिच्यासारखा हात तिथं कुणाचाच नव्हता. अर्ज लिहिला होता आठ जणींतल्या ग्रेसीनं, आणि शेवटी तिनं तेवढंच लिहिलं होतं, की आमच्यातली एक बाई कलम बांधते, साहेबांनी येऊन डोळ्यांनी पाहावं. आठ जणींची सगळी भिस्त त्या एका ओळीवर होती.

बायका पांगल्यावर भालचंद्रनं द्वारकाला खतांच्या शेडमागे बोलावलं.

"द्वारकाबाई, तुमचा नवरा एकोणीस वर्षं इथं माळी आहे. दिवाळीनंतर कायम करायच्या यादीत नाव आहे त्याचं. आहे ना?"

"आहे."

"त्याच्या नावावरची कलमं दोन वर्षं कोण बांधतंय, ते मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी डोळेझाक केली. तुम्ही आज साहेबांपुढं कलम बांधलंत, की ते विचारणार, मग नरहरी काय करतो? तेव्हा मी काय सांगू?"

दोन वर्षांपूर्वी नरहरीच्या उजव्या डोळ्याचा पडदा गेला होता, आणि डाव्यानंही त्याला माणूस नुसता आकारावरून कळायचा. बाकावर तो चाकू हातात धरून बसायचा, शेजारी ती. कुणी येताना दिसलं की चाकू त्याच्या हातात, माणूस गेला की तिच्या. संध्याकाळपर्यंत पन्नास कलमं व्हायची आणि पन्नासही नरहरीच्या नावावर चढायची. याचा तिला कधी राग आला नव्हता. भालचंद्रच्या तोंडून ऐकल्यावर मात्र आला, आणि कुणाचा आला ते तिचं तिलाच उमगेना.

ती बाकावर येऊन बसली. "काय बोलला तो?" नरहरीनं विचारलं.

"काय नाय. नीट बसा म्हणाला."

साहेब आले. छत्री, पिशवी, घामानं भिजलेली कॉलर. माणूस तुसडा नव्हता, पण घाईत होता. परतीची गाडी दीडची होती. एकेकीला विचारत तो बाकापाशी आला. मागोमाग भालचंद्र, आणि त्याच्यामागे हातातलं काम टाकून आलेल्या सात जणी.

"अर्जातल्या बाई त्या तुम्हीच? काय काम करता तुम्ही?"

ग्रेसी डोळ्यांनी सांगत होती, बोल. भालचंद्र नरहरीकडे बघत होता.

आता आमच्याकडची बाई या प्रश्नाला काय उत्तर देते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सबंध वाडी एकटीनं शिंपणारी, केळीचे लोंगर स्वतः तोडून बाजारात नेणारी बाईसुद्धा विचारलं तर म्हणणार, मी काय, ह्यांच्या हाताखाली असते. आई म्हणायची, सासू म्हणायची. द्वारकाच्याही तोंडून तेच गेलं.

"ह्यांच्या हाताखाली असते."

सवयीनं गेलं की भीतीनं, ते तिलाही सांगता आलं नसतं. साहेबांनी कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "मदतनीस."

"द्वारका!" ग्रेसी ओरडली. "अगं, काय सांगतेस तू?"

"त्यांनी स्वतःच सांगितलं ना," भालचंद्र मऊ आवाजात म्हणाला. "चला साहेब, चहा घेऊ."

पण साहेबांनी पेनाला टोपण लावलं नाही. अर्जात एक आणि बाईच्या तोंडी दुसरं, हे त्यांना खटकलं असावं. ते नरहरीला म्हणाले, "माळीबुवा, एक कलम बांधून दाखवा. ह्या हाताखाली काय करतात ते तरी बघू."

नरहरीनं चाकू उचलला. पिशवीतल्या रोपाचा, खुंटाचा, शेंडा त्यानं सवयीनं छाटला, मधोमध चीरही बरी पाडली. जातिवंत आंब्याची काडी तासली. मग ती चिरेत बसवायची वेळ आली, आणि त्याची बोटं थांबली. सालीला साल भिडली तरच कलम जगतं, आणि तेवढं बघायला नजर लागते. त्यानं काडी बसवली. काढली. पुन्हा बसवली. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. बघणाऱ्यांचाच जीव टांगणीला लागला होता.

द्वारकानं मनाशी ठरवलं होतं, हात मांडीखाली दाबून ठेवायचे. पण काडी सालीपासून सुतभर बाहेर राहिलेली तिला दिसली. हे कलम मरणार. तिचा हात गेला, काडी आत सरकली, आणि "जरा अलीकडं," हे शब्द तोंडातून निघून गेले. दुसऱ्या हातानं तिनं प्लास्टिकची पट्टी ओढली, पाच वेढे दिले, गाठ मारली. सगळं मिनिटाच्या आत झालं. मग तिला कळलं आपण काय केलं ते.

साहेब त्या गाठीकडे बघत होते. त्यांनी बाकामागच्या रांगेतलं एक रोप उचललं, दुसरं उचललं. सगळीकडे तसेच वेढे, तशीच गाठ.

"ही कुणी बांधली?"

"साहेब, मी..." द्वारका काहीतरी सारवासारव करायला गेली.

"तू गप," नरहरी म्हणाला. चाकू त्यानं बाकावर ठेवला. "साहेब, तिनं सांगितलं ते खोडा. ती माझ्या हाताखाली नाय. दोन वर्षं मीच तिच्या हाताखाली आहे. मला दिसत नाय."

"अहो," ती म्हणाली. आठ जणींच्या हक्काची गोष्ट झाली होती, आणि तिला रडू येत होतं.

पावसाळा सरता सरता हुकूम आला. बाप्या-बाईला एकच दर. कृष्णाबाईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. ग्रेसीनं चर्चला जाऊन मेणबत्ती लावली आणि पेढे आणले. नरहरीनंही एक खाल्ला.

एक तारखेला भालचंद्रनं नवा हजेरीपट उघडला. आता आधी बाप्ये आणि मागून बाया असं नव्हतं, नावं सरमिसळ होती आणि प्रत्येकापुढे 'माळी' लिहिलं होतं. नरहरी धुतलेला सदरा घालून फाटकाशी उभा होता. येऊ नको असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो आला होता.

"काशीराम."

"हजर."

"ग्रेसी पास्कल."

"हजर."

"द्वारका नरहरी."

"हजर," फाटकाकडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. भालचंद्रनं मान वर केली. पेन्सिल कागदावर तशीच थांबली होती.

"हजर," द्वारका म्हणाली.

पटावर आता आपलं नाव आहे ते फक्त द्वारकाच्या नावामागे, हे नरहरीला तेव्हा उमजलं. मग तो चाचपडत बाहेर पडला, फाटक ओढून घेतलं, आणि कडी नीट बसली की नाही ते बोटांनी पाहून घराच्या वाटेला लागला.