शिवणकामवाल्या आजींची प्रगती

आमच्या समाजकल्याण कार्यालयात वर्षातून दोनदा विद्यापीठातून समाजकार्याची मुलं येतात. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर आपण कुणाचं तरी भलं करायला निघालो आहोत याचा उजेड. सत्तावीस वर्षं मी तिथल्या नोंदींच्या खोलीत बसते. हा उजेड साधारण तिसऱ्या आठवड्यात मावळतो, हे मला ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात ती माणसांना भेटतात, दुसऱ्यात भेटीचा अहवाल लिहितात आणि तिसऱ्यात नुसता अहवाल लिहितात. जी एखाद-दोन मुलं खरोखर कुणाच्या घरी जाऊन बसतात, त्यांचे कागद वेळेवर येत नाहीत, गुण कमी पडतात. पुढे ती कुठल्यातरी निवारागृहात बारा-बारा तास राबताना दिसतात. ज्यांची भाषा गुळगुळीत, ती कंपन्यांच्या कल्याण विभागात जातात, सल्लागार होतात, परिषदांमधून बोलतात. माणसांपासून जितकं लांब, तितकी खुर्ची मऊ. उंटावरून शेळ्या हाकण्याचीही पदवी मिळते, हे मला इथे नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असं मी रोज सकाळी ठरवते. या वर्षी ते फार जड गेलं, कारण त्या मुलांत माझी सख्खी भाची होती. घरात तिला सगळे भाषणबाई म्हणतात. बहिणीला वाटतं, कौतुकाने म्हणतात.

भाषणबाईच्या वाट्याला शिवणकामवाल्या आजी आल्या. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून त्यांच्या हाताची बोटं आत वळली होती, ती आता उघडतच नव्हती. एकट्या राहायच्या. आमच्या कार्यालयाकडून रोज सकाळी दोन तास एक मदतनीस बाई जायची. आंघोळ घालायची, कपडे चढवायची, दोन्ही वेळचं रांधून ठेवायची. त्या दोन तासांवर आजींचा अख्खा दिवस उभा होता.

आता क्षेत्रकार्यात पैकीच्या पैकी गुण हवे असतील, तर विद्यार्थ्याला एक तरी केस यशस्वीपणे बंद करून दाखवावी लागते. बंद म्हणजे काय, तर या माणसाला आता मदतीची गरज उरली नाही, असं लिहून द्यायचं. सुंठीवाचून खोकला गेला, असा दाखला. भाषणबाईला एका मोठ्या संस्थेने नोकरी कबूल केली होती, पण अट पहिल्या वर्गाची होती.

चौथ्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली आणि एक कागद पुढे सरकवला.

"मावशी, इथे सही कर. दुसरी सही कर्मचाऱ्याची लागते."

मी चष्मा लावून वाचलं. 'लाभार्थी स्वतः चहा देते. स्वतः कपडे घालते. आत्मविश्वासात लक्षणीय वाढ. मदतनीसाची सेवा थांबवण्यास हरकत नाही.'

"हे तू बघितलंस?"

"डोळ्यांनी! बशीसकट चहा ठेवला तिने माझ्यासमोर."

"किती वेळ बसली होतीस?"

"वीस मिनिटं. अगं, पुरतात तेवढी. निरीक्षणाचा आम्हाला अख्खा पेपर असतो."

"दुसरी सही करणाऱ्याने स्वतः जाऊन बघायचं असतं, असा नियम आहे."

"कोण जातं गं मावशी! तुझे नेमधर्म घरी ठेव ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी झाकून ठेवलेलं शिवणयंत्र, भिंतीला लागून पलंग. मदतनीस बाई आजींचे केस विंचरत होती. मी चहाचं विचारलं तशी तिला हसू फुटलं.

"कसला चहा! आदल्या दिवसापासून माझ्यामागे लागल्या होत्या. थर्मासात भरून ठेव, झाकण सैल करून ठेव, कप जवळ मांड. त्या दिवशी सगळी बटणं लावून घेतली आणि वर मलाच म्हणतात, ती पोर यायच्या आत तू नीघ."

आजी खाली बघत होत्या. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं होतं.

"पहिल्यांदा आली तेव्हाच तिने सांगितलं हो. म्हणाली, आजी, तुमची प्रगती झाली तर माझे गुण वाढतील. म्हटलं, परीक्षेतली पोर, आपल्यापायी कशाला मागे पडावी? तिने विचारलं, हे जमतं? म्हटलं, जमतं. ते जमतं? जमतं. दोनदा तर तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच जमतं म्हटलं."

"आणि ही बाई यायची बंद झाली तर?"

"ती कशाला बंद होईल?"

हे भाषणबाईने सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं. आजींनी एकदा मदतनीस बाईकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"तरी करून टाका सही," त्या म्हणाल्या. "तिला शब्द दिलाय मी."

मी सही केली नाही. कार्यालयात येऊन भाचीला कोपऱ्यात घेतलं आणि थर्मासापासून बटणांपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, तिचा चेहरा पडेल. पडला, पण भलत्याच कारणाने.

"म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलली?"

"अगं, तुझ्यासाठी बोलली."

"मावशी, याला आमच्यात अवलंबित्व म्हणतात. मदत सुटू नये म्हणून लोक काहीही करतात. आधी जमतं म्हणाली आणि आता बाई बंद होणार म्हटल्यावर जमत नाही! बघ, बरोबर पुस्तकात दिल्यासारखं."

दोन वर्षं विद्यापीठात घालवून माणूस इतका आंधळा होऊ शकतो, तर न शिकलेले बरे. मी एवढंच म्हटलं, "तिच्या बोटांकडे एकदा तरी बघायचंस."

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीवर भाचीच्याच विभागाची पदवी काचेत लावलेली आहे. त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली. विद्यापीठात सादरीकरण झालं, प्राध्यापिका बाईंनी 'इतक्या कमी काळात इतकं सबलीकरण' असं म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार. बहिणीने पेढ्याऐवजी मला फोनवर चार शब्द ऐकवले. "पोरीच्या वाटेत आडवी पडायला तुलाच बरं सुचलं! देव-देव करतेस ना?"

करते. म्हणूनच फोन खाली ठेवला.

पुढच्या सोमवारपासून मदतनीस बाई बंद झाली. मी त्याच दिवशी आजींच्या नावाने नवा अर्ज केला. रांग तीन महिन्यांची. तोवर कामावर जायच्या आधी मीच जात राहिले. तासाभरात जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. आंघोळ घालायचे, भात-भाजी टाकून यायचे. एखाद्या दिवशी मला जाता आलं नाही, की आजी आदल्या दिवसाच्याच कपड्यांत राहायच्या. मला कळू नये म्हणून दुसऱ्या सकाळी सांगायच्या, "काल माझे मीच बदलले." चुरगळलेल्या पाठीवरून मला कळायचं.

तीन महिन्यांनी एका सकाळी दार वाजलं. मी आजींच्या अंगात झगा चढवत होते. दारात भाषणबाई! ओळखपत्र नवं, पिशवी चामड्याची. नव्या अर्जदारांच्या गृहभेटींचं कंत्राट आमच्या कार्यालयाने तिच्याच संस्थेला दिलं होतं. मला बघून ती क्षणभर थबकली, लाजली मात्र नाही.

"आजी, ओळखलंत ना?"

"म्हणजे काय! बस बाळ. पास झालीस ना गं?"

"पहिल्या वर्गात." तिने मांडीवर फॉर्म उघडला. "आता मी विचारते, तुम्ही सांगायचं. स्वतःची बटणं लावता येतात?"

आजींचे हात नकळत गळ्यापाशी गेले. मी त्यांचं मनगट धरलं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पोरीकडे वाकून हळूच विचारलं,

"या वेळी तुझं काय आहे? पुन्हा परीक्षा?"

"नाही हो. नोकरी पक्की व्हायचीय. तीन महिन्यांत चाळीस नवे लाभार्थी नोंदवायचेत, आणि तुमच्यासह अडतीसच होतात."

"मग जमतं म्हणायचं, की नाही जमत?"

भाचीने माझ्याकडे चोरटं बघितलं. पेन तयार होतं.

"या वेळी... नाही जमत."

"बरं मग," आजी म्हणाल्या, "नाही जमत."

तिने लिहून घेतलं. आंघोळ, नाही जमत. स्वयंपाक, नाही जमत. आधीच्या अहवालाचं काय केलं, तेही मी वाचलं. 'प्रेरणेअभावी लाभार्थीची पीछेहाट.' दुसऱ्या सहीसाठी तिने फॉर्म माझ्यापुढे धरला. मी सही केली.

"बघ मावशी, शेवटी मिळालीच ना मदत?" असं म्हणून ती जिना उतरली. तिला आणखी दोन गाठायचे होते.

आजी खिडकीतून खाली तिच्याकडे बघत होत्या.

"होईल ना हो तिची नोकरी पक्की?"

"होईल," मी म्हटलं. "अशांचीच होते. मान जरा वर करा, गळ्याचं बटण राहिलंय."