कुलपा, ताई आली काय?

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझी कडी तुटली आहे आणि अंगावर वरवंट्याचा पोचा आहे.

हिंगणघाटच्या बाजारातून रूपरावांनी मला वडनेरजवळच्या, सडकेला लागून असलेल्या आपल्या घरी आणले. काय ऐट होती माझी! सणासुदीला त्यांची बायको जयवंताबाई मला चिंचेने घासून लख्ख करत. मग एका पावसाळ्यात तापाने दोघेही गेले आणि घर त्यांच्या लेकीच्या, काजलच्या अंगावर पडले. ती आठवीत, भाऊ रजत चार वर्षांचा. शेत शेजारच्या तानाबाईने बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, केले. वाट्याचा कापूस घरातच रचला होता.

सुरुवातीला काजल रजतला शाळेत नेई. एकदा त्याने बाकावरच शू केली आणि सगळा वर्ग खदखदून हसला. काजल लाजेने अर्धी झाली. घरी मोकळा सोडावा, तर दारापुढून ट्रक धावतात. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला आत ठेवून मला लावू लागली. किल्ली तिच्या गळ्यात. मी चोरांसाठी होतो हो, पोरासाठी नाही! पण कुलपाचे कोण ऐकते?

रजत दाराच्या फटीला तोंड लावून मलाच विचारी, “कुलपा, ताई आली काय?”

चाचणीच्या दिवशी घाईत काजल चुलीतला विस्तव झाकायला विसरली. थंडी होती. रजत काडीने निखारे उकरून शेकत बसला. थोड्या वेळाने फटीतून धूर आला. कापूस पेटला होता!

“कुलपा, उघड नं. मले धूर लागून राह्यला.”

मी कसा उघडणार? तो खोकत राहिला, आणि मग त्याचा आवाजच बंद झाला. त्या शांततेची भीती मला अजून वाटते.

ताप आल्याने तानाबाई त्या दिवशी वेचणीला गेली नव्हती. ती वरवंटा घेऊन धावली आणि मला ठेचत राहिली. मी लवकर तुटेना. माझ्या मजबुतीचा एवढा राग मला कधी आला नव्हता. शेवटी कडी निखळली. रजत दाराशीच पडला होता. श्वास चालू होता.

शेजाऱ्यांनी आग विझवली. काजल धावत आली, त्याला घट्ट धरून रडली आणि म्हणाली, आता शाळा नको. तानाबाई तिच्यावर रागावली.

“शाळा काऊन सोडतं? याले संग नेजो. हसू दे हसणाऱ्याईले.”

आता मी खुंटीला लटकतो. घरात चोरण्यासारखे काही उरले नाही, दाराला नुसती कडी असते. सकाळी दोघे हात धरून निघतात. पण आदल्या दिवशी वर्गात कोणी हसले असेल, तर काजल दारात थबकून माझ्याकडे पाहते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादी ताई धाकट्या भावाला घेऊन आली, तर हसू नका. जरा सरकून बसा, त्याला जागा द्या. तुम्ही हसलात, तर बाजारात माझ्यासारखी कुलपे पुष्कळ आहेत.