वर्डेलबाईंच्या पर्समधला मी

मित्रांनो, जोनेल नावाच्या सात वर्षांच्या मुलीने मला एकदा बोट लावले. माझी गोष्ट सांगायची ती त्या बोटामुळेच, नाहीतर माझ्यासारख्या जुन्या, ओबडधोबड रिव्हॉल्व्हरचे कोण ऐकणार?

माझी नळी आखूड आहे आणि पोटात गोळ्यांची पाच घरे आहेत. कारखान्यात मला तेल चोपडून कागदात गुंडाळले, तेव्हा मी आरशासारखा चमकत होतो. पुढे एका टॅक्सीवाल्याने मला वर्षानुवर्षे पान्ह्यांच्या खणात टाकून ठेवले. माझ्या अंगावर गंज चढला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने मला मॅरो क्रीक गावच्या लोनी हार्ग्रेव्हच्या बंदुकांच्या दुकानात विकले. लोनीने घासूनपुसून मला काचेखाली मांडले, अगदी कोपऱ्यात.

एका शनिवारी वर्डेल पेट्टवे दुकानात आल्या. डोक्यावर जांभळी टोपी, आणि ओठांवर आदल्या रविवारच्या प्रवचनाची चाल.

"लोनी, बाळा, मला एक पिस्तूल दाखव. कुणाला दिसता कामा नये असं."

"मिस वर्डेल! तुम्ही? तुम्ही तर झुरळसुद्धा बाहेर सोडून देता!"

"झुरळं प्रार्थनाघराच्या खिडक्या फोडत नाहीत रे."

न्यू गिलियड प्रार्थनाघराच्या खिडक्या दोनदा फुटल्या होत्या. तिसऱ्या वेळी कोणीतरी दारावर घाणेरडी धमकी लिहून गेले. दर रविवारी पहाटे ते दार एकट्या वर्डेलबाई उघडत. म्हणून पाळक ब्रॅझिएल यांनी दारावर लक्ष ठेवायला चारजण नेमले आणि त्यात बाईंचेही नाव घातले.

लोनीने आधी एक मोठे पिस्तूल दिले. हातात छान बसले, पण झग्याआडून असे दिसू लागले की बाई म्हणाल्या, "पोटावर इस्त्री बांधून स्तोत्र म्हणू का मी?" मग त्याने तळहातात मावणारे एक चिमुकले पिस्तूल काढले. बाई खूष झाल्या! पण गोळी भरायला त्याचा वरचा भाग मागे खेचावा लागतो आणि बाईंची बोटे संधिवाताने आखडलेली. दुकानामागच्या मैदानात त्यांनी ते चालवले, तर त्याने खेचरासारखी लाथ मारली.

"लपायला जेवढं सोपं, चालवायला तेवढं अवघड," लोनी म्हणाला. "लहान पिस्तुलाचं असंच असतं, मिस वर्डेल."

तेवढ्यात बाईंचे लक्ष कोपऱ्यात गेले. "आणि हे बुटकं कोण?"

मित्रांनो, माझे काळीज धडधडायला लागले, म्हणजे असते तर लागले असते! माझा चाप जड आहे, पण खेचायला दुसरे काही नाही. मूठ त्यांच्या मुठीत अशी बसली, की जणू माप घेऊन केली होती. पहिल्याच बाराला कागदाच्या मधोमध भोक! बाई तिथेच गवतावर नाचल्या. "हालेलुया! लोनी, हे माझं!"

"मग हे कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं होल्स्टरपण न्या. चाप झाकून राहतो. पर्समध्ये नुसतं ठेवायचं नाही हं."

"अरे, रविवारच्या झग्याला पट्टा असतो का कधी? पर्स बरी. ती मी हातातून सोडत नाही."

होल्स्टर दुकानातच राहिले.

दुसऱ्या दिवशी, पाचही घरे भरून, रुमाल आणि पेपरमिंटच्या गोळ्यांच्या शेजारी बसून, मी आयुष्यात पहिल्यांदा प्रवचन ऐकले. काय सांगू! पाळक सुरुवातीला बोलत होते, साधे, शेजाऱ्याशी बोलावे तसे. वाळवंटात विहीर खणणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट होती. मग एकेक वाक्य लांबू लागले, त्याला सूर आला. वाक्य संपले की ऑर्गन उत्तर द्यायचा आणि लोक म्हणायचे, "सांगा, पाळकसाहेब! सावकाश, घाई नको!" म्हातारीच्या कुदळीला ओल लागली, तेव्हा पाळक बोलत नव्हतेच, गात होते. सगळे प्रार्थनाघर टाळ्यांनी डुलत होते आणि त्या लाकडी बाकावर माझे लोखंडसुद्धा थरथरत होते.

वर्डेलबाई उठल्या. त्यांच्या अंगात आनंद मावेना.

आता तिथली रीत अशी की, कुणाच्या अंगी देवाचा आनंद संचारला, की पांढरे हातमोजे घातलेल्या बाया धावून येतात. नाचताना लागू नये म्हणून चष्मा काढून घेतात, टोपी काढून घेतात आणि पर्सही. चष्मा त्यांच्यातल्या अर्नेस्टिनबाईंकडे गेला, टोपी बाकावर आणि पर्स जवळात जवळच्या मांडीवर. बाईंच्या नातीच्या, जोनेलच्या.

आजीच्या पर्समध्ये पेपरमिंट असते, हे कोणत्या नातवंडाला ठाऊक नसते?

टक्! पर्स उघडली. इवलासा हात आत आला. पेपरमिंटची गोळी नेमकी माझ्या खाली दडलेली. बोटे माझ्या नळीवरून फिरली, मुठीवर आली आणि एक बोट चापाच्या कड्यात शिरले. मला ओरडायचे होते. पण मित्रांनो, मला एकच आवाज काढता येतो आणि तो मला काढायचा नव्हता.

नाचता नाचता वर्डेलबाईंचा हात सवयीने पर्सच्या पट्ट्याकडे गेला. तिथे पट्टा नव्हता. त्या थांबल्या. चष्म्याविना त्यांना सगळे धूसर दिसत होते, पण मांडीवरची काळी पर्स आणि तिच्यात गेलेला हात ओळखू आला.

अर्नेस्टिनबाई ओरडल्या, "अगं, नाच की! पर्स काय पळून जातेय?"

झडप घातली तर पोर दचकेल आणि बोट आवळेल. बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि पाळकांच्याच सुरात गायल्या, "हात वर कराऽऽ! रिकामे हात वर कराऽऽ, लेकरांनोऽऽ!"

ऑर्गनने सूर उचलला. पाळकांनी ओळ झेलली. सगळ्या प्रार्थनाघराचे हात वर गेले, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, पांढऱ्या हातमोज्यांचे. आणि जोनेलचेही! दोन्ही हात वर, बोटे ताठ. गाणे चालू असतानाच बाई हळूहळू पुढे आल्या, पर्स उचलून छातीशी धरली आणि मग मात्र डोळे मिटून मटकन बाकावर बसल्या. लोकांना वाटले, केवढा हा भक्तिभाव!

सगळे घरी गेल्यावर त्यांनी पाळकांना खरे सांगितले.

"सिस्टर, एका हाताने राखण आणि दुसऱ्या हाताने नाच, हे जमायचं नाही."

"मग मी नाच सोडू?"

"छे! तुम्ही नाच सोडलात, तर मी गाऊ कुणासाठी?"

सोमवारी सकाळीच बाई लोनीकडे गेल्या. "एक शब्द बोलू नकोस. दे ते होल्स्टर." लोनीने हसतच ते पुढे केले. बाईंनी रविवारच्या सगळ्या झग्यांना पट्टे शिवून घेतले.

आता पहाटे दार उघडताना मी त्यांच्या कमरेला असतो, चाप झाकलेला. राखणीचे बाकी तिघे आले, की त्या मला रिकामा करतात आणि पाळकांच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवतात. किल्ली गळ्यात. पेपरमिंट मात्र अजूनही पर्समध्येच असते आणि जोनेलला विचारायचीही गरज नसते.

मित्रांनो, मला चमकवू नका, मिरवू नका. ज्या घरात मी असेन, तिथे मला कुलपात ठेवा. आणि मी तुम्हाला कुठे उघडा दिसलो, तर हात लावू नका, धावत जाऊन मोठ्या माणसाला सांगा. पेटीत मला कंटाळा येत असेल, असे वाटते का तुम्हाला? अहो, भिंतीपलीकडे ऑर्गन चढू लागतो, पाळकांचे बोलणे गाण्यात शिरते आणि जुन्या फळ्यांवर दोन पाय नाचू लागतात, धाड धाड, धाड धाड. ते पाय मी ओळखतो. वर्डेलबाईंच्या दोन्ही हातांत काही नसते.