सेव्ह केलेले धवळे

प्रणितने कॉम्प्युटरमध्ये ते नवं सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवसापासून रंजिताचं काम भराभर होऊ लागलं, पण जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

बारा वर्षांचा जुना कॉम्प्युटर. त्यावर ती रंभाआत्याचे धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, उतरवून घेत होती. आत्या धवलारीण, ओवे गावापासून पळस्प्यापर्यंत आगऱ्यांची कितीतरी लग्नं तिने गाऊन लावली होती. आता ऐंशी उलटली, म्हणून महिनाभरासाठी तिला पनवेलला आणलेलं. रेकॉर्ड करायला मोबाइल समोर धरला की ती गप्प व्हायची. म्हणून मोबाइल बाजूला ठेवून ती गायची आणि रंजिता शेजारी बसून टाइप करायची. पण कॉम्प्युटर मध्येच अडायचा आणि तेवढ्यात आत्या दोन ओळी पुढे गेलेली असायची. म्हणून तर दिराला बोलावलं.

“डिस्क जुनी आहे, वहिनी,” प्रणित म्हणाला होता. “आता हे सगळं आधी मेमरीत ठेवील आणि दहा मिनिटांनी एकदम डिस्कवर लिहील.”

“आणि मध्येच लाइट गेली तर?”

“यूपीएस आहे ना!”

यूपीएस होता, पण त्याची बॅटरी किती तग धरते ते कोणी पाहिलं नव्हतं. रंजिता दर ओळीला सेव्हचं बटण दाबायची. ते खरंच सेव्ह होतंय की नुसतं मेमरीत तरंगतंय, कळायला मार्ग नव्हता. भाजी परतताना ती दोनदा उठून पडद्याकडे बघून यायची. पेन ड्राइव्हवरची कॉपी आठवड्यापूर्वीची होती. नवी घ्यायची रोज राहून जात होती. शेवटी तिने प्रणितला फोन केला, “काढून टाका ते. मला झेपत नाही.”

“रविवारी येतो.”

शनिवारी दुपारी लाइट गेली. यूपीएस एकदा किंचाळला आणि सगळं काळं झालं.

लाइट आल्यावर फाइल उघडली ती नुसत्या चौकोनांनी भरलेली. रविवारी प्रणितने चार तास खटपट केली, मग खुर्ची मागे सारली. “डिस्कवर लिहितानाच लाइट गेली, म्हणून अख्खी फाइल बिघडली. चुकलं माझं. अशा मशिनवर हे टाकायलाच नको होतं. पेन ड्राइव्हवरचं आहे तेवढंच.”

म्हणजे आठवड्याभरातले पाच धवळे गेले होते. आत्याला सांगताना रंजिताला तिच्याकडे बघवेना.

“मंग काय झाला? मी हाय ना अजून,” आत्या म्हणाली. “लिव.”

तिने हळदीचा धवळा पुन्हा धरला. रंजिता लिहू लागली आणि तिचा हात थबकला. मागच्या वेळी गाण्यात नवरीला हळद मावशीने लावली होती. आता नवरीची आत्या लावत होती. पुढची ओळही वेगळीच.

“आत्या, मागच्या वेळी असं नव्हतं. खरं कोणतं?”

“दोनी खरे. मांडवात कोन बसलाय, ते बघून गातात.”

पाचातले चार आले. पाठवणीचा मात्र आत्याला आठवेना. तीन दिवस ती पहिली ओळ घोळवत राहिली, पुढे सरकेना.

“ऱ्हाऊ दे,” ती शेवटी म्हणाली.

रंजिताने ती एक ओळ वहीत पेनाने लिहिली आणि खाली पान कोरं सोडलं.