माझा पारवा उडाला

मी प्रयोगशाळेतला प्रिझम बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण स्वभावानं मी पहिल्यापासून घाबरट. काचेच्या जातीत जन्म घेतल्यावर दुसरं काय होणार?

भट्टीत वितळलो, साच्यात पडलो, घासूनपुसून तीन बाजू गुळगुळीत झाल्या. मग कापसाच्या डबीत माझ्या जुळ्या भावासोबत या शाळेत आलो. भाऊ डबीतच राहिला, 'जपून ठेवलेला' म्हणून. कामाला जुंपलं ते मला.

काम तसं सोपं. पडदे ओढायचे, खिडकीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या फटीतून उन्हाची तिरीप माझ्या अंगावर घ्यायची. ती काचेत शिरली की तिचा वेग कमी होतो, ती वाकते, बाहेर पडताना पुन्हा वाकते. तांबडा सगळ्यात कमी वाकतो, जांभळा सगळ्यात जास्त. म्हणून सगळे रंग पांगतात आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर पट्टा उमटतो. मुलं 'आई गं!' म्हणतात. मला ते फार आवडायचं.

पण चार वर्षांपूर्वी शाळेतल्या शिपाईकाकांनी मला पुसायला घेतलं आणि मी निसटलो. फरशीवर टण्‌कन आपटलो.

"अरे देवा!" काका म्हणाले. माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि फुटका कोपरा भिंतीकडे करून ठेवून दिलं. कोणाला काही बोलले नाहीत.

पुढच्या तासाला मी पहिल्यांदाच माझा पट्टा नीट निरखला. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा... आणि एकदम जांभळा. मधला पारवा कुठाय? टवक्याबरोबर पारवाही गेला तर!

तेव्हापासून प्रत्येक तास मी जीव मुठीत धरून काढला. बाई विचारायच्या, "किती रंग?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "तानापिहिनिपाजा! सात!" पट्ट्याकडे कोण बघतोय? सगळ्यांच्या नजरा फळ्यावर. प्रयोगवहीतही सातच. मी सुटकेचा निःश्वास टाकायचो आणि मग मलाच लाज वाटायची.

परवा बाई हातात कागद घेऊन आल्या. "काका, मोठ्या बाईंनी सांगितलंय, फुटकंतुटकं सगळं बाद करायचं. तास झाला की यादी करू." माझं नाव त्या यादीत येणार, हे मला कळून चुकलं.

तास आठवीचा होता. जाड चष्म्याची एक मुलगी कागदाजवळ वाकली आणि बोट ठेवत ठेवत मोजू लागली. दोनदा मोजलं.

"बाई, सहाच आहेत. पारवा नाही."

"उडाला असेल!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. वर्ग खो खो हसला. मला मात्र तिथल्या तिथे विरघळून जावंसं वाटलं.

बाईंनी वाकून पाहिलं. त्यांनीही बोट ठेवून मोजलं. तेवढ्यात दाराशी उभे असलेले काका पुढे आले. हातातलं फडकं पिळत म्हणाले, "बाई, चूक माझी. माझ्या हातून पडला होता तो. कोपरा गेलाय. भीतीनं मी सांगितलं नाही."

"अहो काका..." बाई म्हणाल्या आणि सरळ कपाटाकडे गेल्या. त्यांनी डबीतून माझ्या भावाला काढलं. एकही ओरखडा नसलेला! त्याला माझ्या जागी ठेवलं.

तांबडा. नारिंगी. पिवळा. हिरवा. निळा. जांभळा.

इथेही सहाच!

"खरं सांगू?" बाई खुर्चीत बसल्या. "मलाही पारवा वेगळा असा कधी दिसला नाही. माझ्या बाईंनी सांगितला म्हणून मी लिहिला. मी सांगितला म्हणून तुम्ही लिहिता. अरे, निळ्यातून जांभळ्यात जाताना मध्ये कुंपण थोडंच असतं? वाटेतल्या एका छटेला कोणीतरी नाव दिलंय. कोणाला ती वेगळी दिसते, कोणाला नाही. आज जे दिसलं तेच लिहा."

"पण बाई," काका चाचरत म्हणाले, "टवक्याबरोबर गेला नाही ना तो?"

"जाईल कसा? तो याचा होता कुठे? रंग उन्हाचे, काका. हा फक्त ते वेगळे करून दाखवतो."

हे वाक्य मी चार वर्षं आधी ऐकलं असतं तर! किती झुरलो मी, जे माझं कधी नव्हतंच ते हरवलं म्हणून.

त्या मुलीनं वहीत 'सहा' लिहिलं. बाईंनी यादी केली, तिच्यात एक तडकलेला आरसा आणि दोन चंचुपात्रं आहेत. मी नाही, टवका उडाला तरी माझं काम चोख चालतं म्हणून.

तुम्हीही शाळेत सातच लिहिले होते ना? असू दे, रागावत नाही. फक्त पुढच्या वेळी आधी बघा आणि मग मोजा.

मी आहे तिथेच टेबलावर आहे. काळजी करायची खोड काही गेली नाही, तिरीप आली की अजून मोजतो. पण आता काका मला पुसून ठेवतात ते फुटका कोपरा पुढे करून.