पाणी आल्याची हाक

“भाऊ, आज तरी तो डबा लावा. टाकी भरली का नाय, कायबी कळंना,” भागूबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. वैजनाथरावांच्या पत्नी उमाताईंचा चौदावा कालच उरकला होता.

वैजनाथरावांनी मान वळवून पाहिलं. देवघराशेजारच्या डब्यावरचा दिवा विझलेला. सुतक लागलं तेव्हा कोणीतरी देवघर झाकलं आणि शेजारचं बटणही बंद केलं होतं.

निवृत्तीनंतर हौसेनं त्यांनीच हा डबा जोडला होता. पडेगावच्या त्या गल्लीत अकरा घरांना मिळून एक टाकी, तीही वळणापलीकडे. टँकरचा भरवसा नाही. टाकीत पाणी पडलं की डब्यावर दिवा लागे आणि उमाताई दारात येऊन हाक मारत, “पाणी आलं गं!” गल्ली हंडे घेऊन निघे.

“मला विचारायचं तरी,” वैजनाथराव म्हणाले.

“दुखवट्याच्या घरी पाण्याचं काय इचारावं? जायचो बघायला. कधी असायचं, कधी नाय.”

भागूबाईंच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली होती.

मुलानं, हिमांशूनं, फोनवर सोपं सांगितलं: डब्याला बॅटरी लावा, म्हणजे बटण बंद झालं तरी तो चालू राहील. वैजनाथरावांनाही ते हवंसं वाटलं. निदान गल्ली उमाच्या दाराकडे बघत राहील. दुसरा मार्ग म्हणजे घरोघर एकेक डबा, आणि टाकीनं एकदम सगळ्यांनाच सांगायचं. मधे कोणी नाही. वहीत दोन्ही आकृत्या काढून ते चार दिवस नुसते बसून राहिले.

मग पिशोरचं कीर्तन आठवलं. ऐन रंगात बुवांचा आवाज बसला, तर टाळकऱ्यांनी अभंग खाली पडू दिला नव्हता. उमा हळूच म्हणाली होती, “बघा, एकही टाळ थांबला नाही.”

महिनाभरात त्यांनी दहा डबे जोडले. सगळे लावून झाल्यावर विठ्ठलाला हात जोडले आणि आपल्या डब्याचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं. परीक्षा घ्यायची तर अशीच, हा डबा बंद ठेवून.

दुपारी समोर भागूबाईंच्या खिडकीत हिरवा दिवा लागला. त्याच क्षणी शेजारी, पलीकडेही. दारं उघडली, हंडे वाजले. बाया बोलत बोलत वळणाकडे गेल्या. या दाराकडे कोणी पाहिलं नाही.

उमाताई दारात जिथे उभ्या राहत, तिथे वैजनाथराव येऊन उभे राहिले होते. मग आत जाऊन त्यांनी तिची कळशी उचलली आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.