गोरजाचा मुहूर्त

आमच्याकडं लेक माहेरी आपल्या पायानं येत न्हाई. लगीन असो नाहीतर दिवाळी, माहेरचा माणूस आनायला गेला तरच ती येनार. त्या माणसाला मुराळी म्हणतात. आमच्या भावकीतला मुराळी म्हणजे मी. आधी माझ्याकडं बैलगाडी होती म्हणून, मंग जीप आली म्हणून. कुणाची लेक सेलूला असो का मंठ्याला, “भुजंगाला धाडा” म्हणलं की मोकळे. मला बी बरं वाटायचं. लेकीच्या सासरी मुराळ्याला गोडाचं जेवण असतं, अन् येताना ती लेक सासूची सगळी गाऱ्हाणी आपल्याच कानात ओतती. अर्ध्या परतूर तालुक्याच्या सासवा मला तोंडपाठ हायेत.

सगुणाअक्काला मी दर दिवाळीला जालन्याहून आणायचो. अक्का माझी चुलतबहीण, धर्मराजदादाची सख्खी. नवरा लवकर गेला, लेकरूबाळ न्हाई, सासरच्यांनी ठिवली न्हाई. भावाच्या घरात बसून खायचं न्हाई म्हणून जालन्यात एका दवाखान्यात आया म्हणून लागली. एक खोली घेतली. धर्मादादाची पोरगी बेबीनंदा पाचवीपासून त्याच खोलीत राहून शिकली. पोरीचा डबा, वेणी, तापातलं जागरण, सगळं अक्काचं. गावाकडं कुणी “बेबी, आई कुठं?” असं इचारलं तं ती पोरगी आधी अक्काकडं बघायची, मंग आईकडं.

बेबीची दहावी झाली, ती गावाकडं परत आली, अन् अक्काची खोली रिकामी झाली. तवा तिच्या दवाखान्यातली एक डॉक्टरीण आफ्रिकेत निघाली होती. टांझानियाला. तिथं एड्सच्या पेशंटला घरचे लोक टाकून देतात, त्यांच्यासाठी कुणीतरी घर काढलं होतं. आंघोळ घालायची, भरवायचं, हागणं-मुतणं काढायचं. पगार बिलकुल न्हाई. जायचं-यायचं तिकीट अन् दोन टायमाचं जेवण. अक्का म्हणली, मी येते.

गावात कुणाच्या डोक्यात हे शिरंना. पारावर रखमाजीतात्यानं मला धरलं.

“इमानात बसून गेली?”

“हाव.”

“अन् फुकट काम करून राह्यली?”

“हाव तात्या.”

“मंग इथं काय कमी घाण हाय का रे फुकट काढायला?”

सगळे हसले. मी बी हसलो. पण धर्मादादाला लई मान वाटायला लागला. अक्कानं तिथून एक फोटू धाडला होता. पांढरी साडी, शेजारी खाटा, खाटांवर वाळून काडी झालेली काळी माणसं, अन् एकाच्या डोक्यावर अक्काचा हात. दादानं तो फोटू काचंत बसवून बैठकीत लावला. आल्या-गेल्याला दाखवायचा, “आमची बहीण फॉरेनला असती.”

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बेबीचं लगीन ठरलं. नवरदेव हसनाबादचा, त्याचा बाप अण्णासाहेब, चांगली बागायत. बेबीनं एसटीडीच्या बूथवरून दवाखान्यात निरोप दिला, दवाखान्यानं तिकडं. अक्काचा फोन आला तवा पोरगी एकच बोलली, “आत्या, पाठराखीण तूच. दुसरी कुणी मला नको.”

नवरी पहिल्यांदा सासरी जाती तवा माहेरची एक बाई तिच्यासोबत जाती, तिथं चार दिवस राहती, पोरीजवळ झोपती. ती पाठराखीण. अक्का त्यासाठीच निघाली. लगीन बघायचंच होतं, पण तिच्या मनात ते चार दिवस होते. पोरगी परक्या घरात पहिल्यांदा उठंल, तवा शेजारी आपण असावं.

मी तवा जालन्यातच राहायचो. सकाळ-संध्याकाळ एमआयडीसीत कामगार सोडायचो. माझी बायको द्वारका हळद दळायला, पापड लाटायला म्हणून आधीच गावाकडं गेल्ती. धर्मादादा बस्ता बांधायला जालन्याला आला तवा माझ्या दारात आला.

“भुजंगा, अक्काची गाडी लग्नादिवशीच सकाळी जालन्याला पोचती. तू मुराळी.”

“ते काय सांगायचं हाय दादा? पत्रिका कुठंय?”

“घरच्याला कशाला पत्रिका? ऐक, मुहूर्त गोरजाचा हाय. उनात आणू नको तिला. लांबून यायली, दमलेली असंल. आंघोळ करू दे, जेवू दे, निवांत आण.”

बहिणीची किती काळजी, असं मला वाटलं. चहा पाजून मी त्याला एसटीत बसवून दिलं.

अक्का स्टेशनावर उतरली ती निम्मी होऊन. पण हसली. म्हणली, “मुराळ्या, तुझं पोट लई सुटलं रे. कुणाकुणाच्या सासरी जेवून राह्यला?” तिनं कुलूप लावून ठिवलेल्या खोलीवर गेलो. तिनं आंघोळ केली, पिठलं टाकलं, मला वाढलं. मी मांडवात जायची घाई केली तं तीच म्हणली, “गोरजाला लई टाइम हाय, खाय नीट.” मंग पेटी उघडून नवं लुगडं काढलं, बेबीसाठी तिकडून आणलेलं एक रंगीत कापड काढलं. अन् फडताळातून आपलं ताट, तांब्या, पेला काढून पिशवीत घातला.

मला हसू आलं. “अक्का, माहेरी ताट घेऊन कोन जातं?”

“माहेरासाठी न्हाई. हसनाबादसाठी. चार दिवस राहायचं हाय.”

“त्यांच्याकडं भांडे न्हाईत का?”

ती पिशवीचं तोंड बांधत म्हणली, “हात लावल्यानं, संगं जेवल्यानं होत न्हाई ती बिमारी. पण हे मी कुणाकुणाला सांगत बसू? पोरीला कुणी टोमणा मारू न्हाई. आपलं ताट आपल्यापाशी असलं म्हणजे झालं.”

मंग बांगड्या घ्यायच्या म्हणून बाजारात थांबलो. विधवा बाई, स्वतःसाठी न्हाई, बेबीसाठी घेतल्या. हिरव्या, काचेच्या. कासारानं माप इचारलं तं तिनं आपल्या हाताची तीन बोटं जुळवून दाखवली, इतका हात हाय म्हणून. दोन वर्सांपूर्वीचं माप. निवांत निघालो. दादानंच सांगितलं होतं निवांत.

परतूर सोडलं अन् आष्टीच्या रोडला लागलो. रस्ताभर अक्का बोलत होती. तिथं एक म्हातारा होता, तो रोज तिला एकच शब्द म्हणायचा, त्याचा अर्थ बहीण असा होता. त्याला भाकर करून घातली तं त्यानं ती हातात धरून नुसती उन्हात बघितली, म्हणं. मी म्हणलं, “आपली भाकर अन् नुसती बघायची?” ती म्हणली, “त्याला गिळवत न्हव्हतं रे.”

पुढं नाल्यावर फरशीचा पूल हाय. रुंदी एवढीच की एका टायमाला एक गाडी. मी पुलावर चढलो अन् समोरून फुलं लावलेली जीप चढली. तिच्यामागं वऱ्हाडाचा टेम्पो, वर पोट्टे ओरडून राह्यले. मी म्हणलं, “दांडगी तिथ हाय आज. हे वऱ्हाड परत बी निघालं.”

त्यानं लाइट मारली. मी बी मारली. मी आधी चढलो होतो, मी ड्रायव्हर माणूस, मागं कामून घेऊ? दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राह्यल्या. मी मान बाहेर काढून शिवी देणार, तेवढ्यात मला काचेतून पुढच्या सीटवर अण्णासाहेबाचा फेटा दिसला. त्याला मी सुपारीला बघितलं होतं. अन् मागं मुंडावळ्या बांधलेली आमची बेबी. तिच्या केसात, खांद्यावर अक्षता होत्या.



बेबीच्या एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला तिची मावशी झुंबरबाई, मांडीवर शिदोरीचं गाठोडं घेऊन. पाठराखीण.

 अक्कानं समोरचा दांडा धरला.

बेबीनं आमाला बघितलं अन् झुंबरबाईच्या अंगावरून दाराला हात घातला. “आत्या!” एवढंच. अण्णासाहेबानं मान बी वळवली न्हाई. म्हणला, “दार लावा. नवरी वाटंत उतरत नसती.”

तं अक्काच इकडून ओरडली, “उतरू नको बाई. बस. बस तिथंच.”

मंग मला म्हणली, “भुजंगा, मागं घे.”

“मी न्हाई घेत. मी आधी चढलो.”

“भुजंगा, नवरीची गाडी माघारी जात नसती. तू घे.”

मी जिंदगीत लई गाड्या मागं घेतल्या, घाटात घेतल्या, चिखलात घेतल्या. त्या दिवशी ती जीप मागं जाईना. गेअर पडंना माझ्या हातानं. पूल उतरून मी बाजूला बाभळीला लागून उभा राह्यलो.

ती जीप आमच्या अंगाला घासून हळू निघाली. बेबीनं रेक्झिनच्या पडद्यातून हात बाहेर काढला, हळदीचा, चुड्यानं भरलेला. अक्कानं बी काढला होता. दोघींच्या हातात इतभर अंतर राह्यलं असंल. तेवढ्यात झुंबरबाईनं पदर नाकाला लावला. अक्कानं ते बघितलं अन् आपला हात आत घेतला. लुगड्याखाली दाबून ठेवला, पोळल्यावानी.

धुरळा बसला. मी धर्मादादाच्या नावानं जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं न्हाई.

अक्का म्हणली, “दुपारचाच मुहूर्त होता म्हण की.”

“मला गोरजाचा सांगितला अक्का. तुझी आन.”

“तुला कोन काय म्हणलं?” ती म्हणली, “गाडी वळव.”

“अक्का, असं नको. घर दोन कोसांवर हाय. द्वारका हाय तिथं, भाकर-पाणी ओवाळून घरात घेईल. मुराळी वाटंतून माघारी नेत न्हाई.”

“मंग मुराळी नको होऊ. जीपवाला हो. वळव.”

“पाणी तरी पी घरचं.”

“कुणाच्या पेल्यात पिऊ?”

मी जीप वळवली.

जालन्याचा अन् हसनाबादचा रस्ता इथून एकच. वऱ्हाडाचा टेम्पो पुढं सापडला. मला राग असा होता की त्याला ओलांडून, बेबीच्या जीपला बी मागं टाकून, सगळ्यांना धुरळा चारावा. हॉर्न दिला तं अक्का म्हणली, “पुढं जाऊ नको. मागंच चालू दे.” मंग परतूरपासून जालन्यापर्यंत आम्ही त्या लग्नाच्या मागून गेलो. ते चहाला थांबले तं आम्ही लांब झाडाखाली थांबलो. ते निघाले तं निघालो. मागच्या सीटवर तिच्या पिशवीत ताटावर तांब्या वाजत होता, प्रत्येक खड्ड्याला.

जालन्यात भोकरदनचा रस्ता फुटतो तिथं ते हसनाबादकडं वळले. अक्कानं मला थांबवलं. टेम्पो दिसंनासा झाला तवा म्हणली, “चल, सोड खोलीवर.”

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो अन् दादाला मांडवातच धरलं. मांडवाच्या बल्ल्या निघून राह्यल्या होत्या. तो खाली बसला. म्हणला, “सुपारीला आलेल्या अण्णासाहेबाला मीच तो फोटू दाखवला रे. मोठेपणा म्हणून. काय काम करती म्हणला, मी सगळं सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ती बाई आमच्या घरात चार दिवस नको, अन् मांडवात बी नको. मी काय करू? पोरीचं लगीन मोडू? मी तं कितीक सांगितलं त्याला, हात लावून होत न्हाई म्हणून.”

रडला तो. माझा निम्मा राग उतरला. लेकीचा बाप हाय, अडला असंल, असं मी म्हणलं. अक्काला बी तसंच सांगितलं. ती म्हणली, “असंल.” बांगड्या, कापड अन् ते ताट-तांब्या माझ्या घरी ठेवून ती आठवड्यानं परत गेली. तिकडं बी आपलं ताट लागंल की, असं द्वारका म्हणली. “तिकडं न्हाई लागत,” अक्का म्हणली.

दिवाळीच्या आधी धर्मादादा माझ्या घरी आला. बेबीचा पहिला सण, तिला हसनाबादहून आणायचं होतं.

“तूच जा मुराळी.”

“किती वाजता आणू? खरा टाइम सांग.”

तो कसंनुसं हसला. द्वारकानं ताट वाढलं. बाजरीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. भुकेला होता, चांगला जेवला. ताटाला बोट लावून म्हणला, “जाड हाय रे ताट. असं आता मिळत न्हाई.”

द्वारका चुलीपासून म्हणली, “सगुणाअक्काचं हाय ते.”

तिच्या मनात काही न्हव्हतं. आमच्या घरात ते ताट रोजच्या वापरात होतं.

दादाचा घास हातातच राह्यला. त्यानं ताटाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. उठला, मोरीवर गेला. चूळ भरली. परत भरली. बोट घालून ओकला. मी दारात उभा राहून बघत होतो. त्याला वाटलं, नळाच्या आवाजात मला ऐकू येत नसंल.

तोंड पुसत बाहेर आला अन् म्हणला, “तिखट लागलं.”

 द्वारकानं चहा ठेवला होता, तो न पिता दादा निघाला. बेबीला आणायला मंग कुणाला धाडलं, मी इचारलं न्हाई. ती जीप मी त्याच वर्सी इकली.